भिंतीतली दुपार

आमच्या गावात त्याला सगळे पेंटर म्हणायचे. त्याला नाव होतं, मला ते माहीतही आहे, पण मी ते सांगणार नाही. त्याने स्वतः कधी कुठल्या चित्राखाली नाव टाकलं नाही. मग मी कोण टाकणारा?

माणूस पिंपळनेरकडचा. आमच्या रावेरच्या बाजूला तो कसा आला, कोणी बोलावला, हे कोणाला सांगता येत नाही. केळीच्या पॅकिंगच्या शेडमागे एक पत्र्याची खोली होती. एक दिवस तिच्या दारात रंगाचे डबे दिसले, म्हणजे तो राहायला आला होता. ट्रॅक्टरवर नंबर टाकणं, दुकानाच्या पाट्या, शाळेची भिंत, असली कामं करायचा. बोलणं सगळं तिकडचं. आम्ही 'हाये' म्हणतो तिथे तो 'शे' म्हणायचा. लोक तोंडावर नक्कल करायचे. तो ऐकून घ्यायचा आणि नक्कल करणाऱ्याच्या मागे बघत राहायचा.

हे त्याचं बघणं आधी सांगतो. डाव्या हाताचा पंजा वाकवून तो डाव्या डोळ्यावर धरायचा आणि उजव्या डोळ्याने बघायचा. समोरच्या माणसाला नाही, त्याच्या खांद्याच्या वीतभर बाजूला. बोलता बोलता आपणच दचकून मागे वळायचो. मागे कोणी नसायचं.

"काय बघतो रे?" मी एकदा खेकसलो.

"तुन्हामांगे जागा शे, ती दखस," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बरेच दिवस मला माझ्या पाठीमागे जागा आहे असं वाटत राहिलं. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

मी भिंतीचा माणूस. शाळा तिसरीत सुटली, सही करता येते, पेपर वाचता येतो, त्यापुढे नाही. पण गिलावा आणि चुना यात आमच्या तालुक्यात माझ्या हाताला जोड नाही. हे मी नाही, भिंती सांगतात. कळीचा चुना महिनाभर पाण्यात विरवायचा, त्यात गुळाचं पाणी, मेथीचं पाणी, डिंक. शेवटचा हात दिला की मी सगळी भिंत अंगठ्याने घोटतो. अंड्याच्या टरफलासारखी दिसते. हल्लीच्या डिस्टेंपरवाल्यांना हे सांगून उपयोग नाही.

त्यामुळे पेंटरचं आणि माझं काम एकमेकांना लागून. मी भिंत करायची, त्याने रंगवायची. भिंत झाली की तो यायचा आणि तळहाताची मागची बाजू तिच्यावर ठेवायचा. आजारी माणसाचा ताप बघतात ना, तसा. मग म्हणायचा, "ताप शे हिले. आठ दिन थांब." मला अस्सा राग यायचा! माझी भिंत, आणि हा डॉक्टर. पण आठ दिवस थांबलो की त्याने हात ठेवला होता तिथेच केसाएवढी चीर उमटायची. एकदा नाही, तीनदा झालं. मी चीर बुजवायचो.

बाजारपेठेत एक मारवाडी शेठजी आहेत, कापडाचं दुकान. त्यांनी दुकानाच्या बोळाकडच्या भिंतीवर साडी नेसलेली बाई काढायला सांगितली. पेंटरने साडी काढली. बाई काढलीच नाही. दोरीवर वाळत घातलेली एक पिवळी साडी, पदर वाऱ्याने उडालेला. शेठजी कपाळाला हात लावून उभे.

"अरे भाई, बाई कुठे?"

"बाई घर गयी," पेंटर म्हणाला. शेठजींशी तो मुद्दाम हिंदी बोलायचा.

दुकान चाललं. बायका ती साडी बघायला यायच्या. पण शेठजींची बायको दुपारच्या वेळी त्या बोळातून जायची नाही. बोळात वारा शिरत नाही, आणि पदर हलतो, असं तिचं म्हणणं. लोक तिला हसले. मी हसलो नाही. मी त्या बोळात चार दुपारी उभा राहून बघितलं होतं.

दुपार ही त्याची वेळ. काम दुपारचंच करायचा, वैशाखातसुद्धा, जेव्हा कुत्रंही गटारीतून बाहेर येत नाही. काम नसलं की कोणाच्याही केळीच्या बागेत शिरायचा आणि मधोमध जाऊन बसायचा. ज्याने केळीची जुनी बाग भर दुपारी आतून बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. बाहेर डोळे जाळणारं ऊन आणि आत दहा पावलांवर अंधार. पानं वरून एकमेकांत गेलेली. पाणी कुठेतरी टपटपतं, पण कुठे ते दिसत नाही. घड कापणाऱ्या बाया सांगायच्या, की तो बसलेला आधी कळतच नाही. आधी वाटतं कोणीतरी आपल्याला मोजतंय. मग तो दिसतो.

चहाच्या टपरीवर त्याची एक गोष्ट ठरलेली. त्याच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी त्याला सांगितलेली. गोऱ्यांच्या देशात, शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा आधी, एका चित्रकाराने अंधाराचं चित्र काढलं. ओळखू येण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं म्हणे. एका मोठ्या विद्वानाने त्याला नावं ठेवली. चित्रकाराने त्या विद्वानालाच कोर्टात खेचलं आणि भर कोर्टात उभं राहून सांगितलं, चित्रातून बोध निघाला पाहिजे, कोणाची गोष्ट कळली पाहिजे, असं काही नाही. चित्र चित्र म्हणून चांगलं असलं की झालं. खटला जिंकला, पण माणूस धुळीला मिळाला. ही गोष्ट पेंटर अशी सांगायचा जशी मागच्या महिन्यात धुळ्याच्या कोर्टात झाली आणि हा मागच्या बाकावर बसला होता. वकिलाने काय विचारलं, तो कसा हसला, सगळं. शेवटी प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "मान खाले नही घाली त्यानी."

मी म्हणायचो, "पोट कशाने भरलं मग?"

तो माझ्या खांद्याच्या बाजूला बघायचा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावातले आबा वारले. मोठे केळीवाले, गावचं समाजमंदिर त्यांनीच बांधलेलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सांजोऱ्या, आमरस करतात, निखाऱ्यावर घास टाकतात. तो आगारीचा मान. गेल्यानंतरची पहिली आखाजी मोठी असते, पाहुणे दहा गावांचे येतात. आबांचे थोरले, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो, त्यांनी ठरवलं की समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर आबांचं मोठं चित्र काढायचं आणि पहिली घागर त्या चित्रापुढे भरायची. पेंटरला फोटो दिला. फेटा, मिशा, हात जोडलेले.

भिंत मी केली. आयुष्यात केलेल्या भिंतींमध्ये ती पहिल्या नंबरची. आबांनी मला उभं केलं होतं, त्यांचं ऋण होतं माझ्यावर. पेंटर आला, हाताची पाठ टेकवली, बराच वेळ ठेवली. आणि काहीच बोलला नाही. ताप नव्हता.

मग त्याने गोणपाटाचा पडदा लावला आणि आत गेला. दीड महिना. दीपनगरच्या वीजघराची राख पोत्याने आणली, डांबराचं पिंप आणलं, रॉकेल, काजळी. पडद्याच्या आत मलाही येऊ दिलं नाही. भिंत माझी, आणि मलाच पडदा! ते मला लागलं होतं, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

आखाजीच्या दिवशी दुपारी मंडपात माणूस मावत नव्हतं. भाऊंनी पडदा ओढला.

आबा नव्हते.

केळीची बाग होती. आपण बांधावर उन्हात उभे आहोत आणि आत बघतोय. दोन ओळींमधून वाट आत गेलेली, दोन्ही बाजूंना डांबराचा तो काळा-तपकिरी अंधार, एकावर एक, जितकं बघावं तितका आणखी आत. आणि वाटेच्या पार टोकाला, बाग संपते तिथे, उजेडाची एक उभी फट. दोन बोटं रुंद, हातभर उंच. एवढंच. माणूस नाही, जनावर नाही. माझ्या पोटऱ्यांना गार लागलं. लुंगी सरळ केली मी, वारा नव्हता.

आबांच्या पत्नी, अक्का, पुढे बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि परक्याच्या घरात उंबऱ्यावरून डोकावतात तशा वाकल्या. हळूच म्हणाल्या, "कोणी हाये का?"

त्यांनी हे भिंतीला विचारलं. मंडपातल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले.

"अठे कोन्हीच नही शे," पेंटर म्हणाला.

भाऊंनी स्वतःला आवरलं. आधी आगारी झाली, पाहुणे जेवले. मग त्याच मंडपात, त्याच भिंतीपुढे, पेंटरला मधे उभं केलं.

"मी तुले आबांचा फोटो दिला होता," भाऊ म्हणाले. "तू हे काय काढलं?"

"दुपार."

"कोणाची दुपार?"

"कोन्हीच नही. दुपार शे, बस."

"मंग हिचा उपयोग काय?" मागून कोणीतरी.

"उपेग नही," तो म्हणाला. "हाई चित्र शे. हाई कोन्हाच कामनं नही. म्हनीसनच हाई चित्र शे."

लोक हसले. मग त्याने गोऱ्या चित्रकाराची ती गोष्ट सांगायला घेतली. पाहुण्यांपैकी एक जण ओरडला, "तो गोरा तुझा मामा लागतो का रे?"

"मामा नही. भाऊ शे मन्हा."

आणखी हसले. भाऊ हसले नाहीत. भाऊ वाईट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांचा आवाज फाटला होता. "माझा बाप गेला, पेंटर. त्याची आठवण राह्यली पाहिजे म्हणून ही भिंत."

"आठवण तुमले ठेवानी शे. भिंतले काबर सांगतस?" हे तो हळू बोलला, समजूत काढल्यासारखा. पण मंडपात ते चाबकासारखं वाजलं. मग त्याने भाऊंनाच विचारलं, "तुमनी बाग दुपारले कशी दिसस, कधी दखी का?"

"पंचवीस वर्षं केळी लावतो मी!"

"लावतस. दखी का?"

भाऊ उठून त्याच्याजवळ गेले. सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढे हात जोडले. आबांचे हात फोटोत जसे, तसे. "एक माणूस काढ त्या वाटेवर. बोटाएवढा काढ, पाठमोरा काढ. आम्ही समजून घेऊ की आबा हायेत. नाही तर भिंत पांढरी करावी लागेल मले."

पेंटरने डोळ्यावर पंजा धरला आणि चित्राकडे बघितलं. खूप वेळ. सगळ्यांना वाटलं, काढतो. बोटाएवढा माणूस, त्याला किती वेळ लागणार होता?

"तठे माणूस आना ते चित्र मरी," तो म्हणाला. "पुसा."

कोणीतरी आमच्या बाजूचा पुटपुटला, "चित्र जाऊ द्या, भिंत बघा कशी केली नानांनी." नाना म्हणजे मी. आणि पेंटर, मान न वळवता, बोलून गेला, "भिंत कोन्हीबी करस."

मला वाचवता आलं असतं ते चित्र. माझं भाऊंकडे वजन होतं. दोन दिवस थांबा म्हटलं असतं, तर राग उतरला असता. मी ते बघितल्या क्षणी ओळखलं होतं की असं काही आपल्या हयातीत परत बघायला मिळणार नाही. पण भिंत कोणीही करतो! मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी पुसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूला कुंचा बांधला. पेंटर समोर पालथ्या पिंपावर येऊन बसला. निघून जाईल असं वाटलं होतं. तो बसला आणि बघत राहिला, आणि मधेच म्हणाला, "वरला कोपरा ऱ्हायना." मी वरचा कोपरा घेतला. तीन हात दिले. टोकाची ती उजेडाची फट मी शेवटी ठेवली होती, ती पुसली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तो उठला, ओल्या भिंतीवर हाताची पाठ टेकवली.

"हात चांगला शे तुन्हा," म्हणाला.

त्याने पत्र्याची पेटी उचलली आणि चालायला लागला. एसटी स्टँडकडे नाही, बांधावरून केळीकडे. मी पाठ वळवून कुंचा धुतला. परत बघितलं तेव्हा नुसती बाग होती. त्यानंतर तो आमच्याकडे दिसला नाही. कोणी म्हणतं धुळ्याला वारला, कोणी म्हणतं पिंपळनेरच्या बाजारात बघितला.

दिवाळीपर्यंत भिंत पिवळी पडली. संक्रांतीला तपकिरी डाग, आणि मग एकेक पान. हे मला समजत होतं. डांबर चुन्यातून वर येतं, कितीही हात द्या. मी दर आखाजीच्या आधी दोन हात द्यायचो, आणि माघ लागला की बाग परत भिंतीत उभी. सहा वर्षं हे चाललं. सहाव्या वर्षी अक्कांनाच पहिल्यांदा दिसलं. वाटेच्या टोकाला पांढरं काहीतरी उभं होतं.

बाकी सगळं तपकिरी झालं तरी तेवढं पांढरंच राहिलं. आधी नुसता उभा ठोकळा. पुढच्या साली दोन्ही बाजूंनी तपकिरी आत आलं आणि मान झाली. मग खाली दोन पाय. आणि दर वर्षी तो खालच्या बाजूने थोडा वाढायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटायचं की चालत जवळ येतोय. भाऊंनी मला बोलावून सांगितलं, "नाना, आता भिंतीला हात लावू नका. आबा आले." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. भिंतीखाली ओटा बांधला. घागर तिथे भरायला लागले. बाकीच्या घरच्याही बायका आपापल्या घागरी तिथे आणायला लागल्या. दुसऱ्या गावचे लोक मोबाइलवर फोटो काढून न्यायचे.

मी एकटा तिथे जायचो नाही. कारण त्या माणसाच्या खांद्यावरून एक बारीक पांढरी रेघ वर जायची. लोक म्हणायचे आबांची काठी. आबांनी काठी कधी धरली नाही, खाटेला खिळले तेव्हाही नाही. उजवा खांदा खाली पडलेला, एक पाय जरा बाहेर टाकलेला. मी घरी आरशात बघितलं आहे. ती काठी नव्हती. तो कुंचा बांधलेला बांबू होता.

तो मी होतो. बोटाएवढासुद्धा माणूस त्याने त्या वाटेवर घातला नाही, बाप गमावलेल्या माणसाने हात जोडले तरी नाही. आणि मी पुसता पुसता स्वतःला तिथे उभा करून आलो होतो. तठे माणूस आना ते चित्र मरी. वीस वर्षं मी त्या चित्रात उभा राहून चित्रालाच मारत होतो, आणि दर साली एक पाऊल बाहेर येत होतो. बाहेर पोचल्यावर काय होईल, हा विचार मी पूर्ण करत नसे.

या आखाजीला मी ठरवलं. आता वय झालं, पण चुना खरवडायची पत्री धरता येते. मंडप घालायच्या आधी, उन्हातच गेलो. भिंत भिजवली. बघतो तर अक्का ओट्यावर बसलेल्या. नव्वदीला टेकल्या आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. कडेला घागर.

"काय करतो रे नाना?"

खोटं सुचलं नाही. "हा माणूस खरवडून काढतो, अक्का."

त्यांनी घागर जवळ ओढली. मग म्हणाल्या, "काढ. किती सालाचे उन्हात उभे हायेत. जाऊ दे त्यायले सावलीत."

मी पत्री लावली. डांबरावरचा चुना सोपा सुटला, केळीच्या खोडाची सोपटं सुटतात तसा, लांबच लांब पट्टे. पानं उघडी पडत गेली, काळी, ताजी, कालच काढल्यासारखी. पण तो पांढरा माणूस सुटेना. चुना चुन्याला धरून बसला होता. इंच इंच खरवडला. पाय गेले, बांबू गेला, मान गेली. खाली ती फट लागली. दोन बोटं रुंद, हातभर उंच. आणि तिथे रंग नव्हता.

मी बोट फिरवलं. अंड्याच्या टरफलासारखं गुळगुळीत. तिरप्या उन्हात अंगठ्याची खूण दिसली. वरून खाली, जरा डावीकडे वळलेली. माझा अंगठा.

त्याने सगळी भिंत अंधाराने भरली आणि उजेडाच्या जागी काहीच लावलं नाही. माझा चुना तसाच ठेवला. खाली डांबर नव्हतं म्हणून तेवढी जागा कधी तपकिरी झाली नाही, हेही तिथेच कळलं. खालचे पाय कुठून आले, बांबू कुठून आला, ते मात्र कळलं नाही. त्या जागी तर डांबर होतं. मी हाताची पाठ टेकवली. भर वैशाखात ती जागा गार होती.

किती वेळ तसा उभा होतो माहीत नाही. मागे माणसं जमली होती. भाऊंचा आवाज आला, तेव्हासारखाच फाटलेला. तेही आता म्हातारे झाले आहेत.

"नाना, आबा कुठी हायेत?"

मी वळलो. बोलायला तोंड उघडलं तर माझी भाषा आलीच नाही. "अठे कोन्हीच नही शे," मी म्हणालो.

जमलेल्यांतली जुनी माणसं दोन पावलं मागे सरली. कोणीतरी म्हणालं, चुना मागवा. मी सांगितलं, "या गावात भिंत पुसणारा मी एकटा. मी पुसणार नाही, आणि जिवंत आहे तोवर दुसऱ्याला पुसू देणार नाही."

अक्का ओट्यावरून वाकल्या होत्या. "कोणी हाये का?" त्यांनी आत विचारलं. कान देऊन थांबल्या. मग मान हलवली आणि घागर वाटेच्या तोंडाशी ठेवली.

भाऊ आईकडे बघत होते, मग भिंतीकडे. ऊन फार होतं. त्यांनी कपाळावर हात धरला, एक डोळा बारीक केला.

"पाहुण्यांनी विचारलं हे काय हाये, तर काय सांगू?"

"दुपार," मी म्हणालो.

कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही.